आबामृत आणि अडीचशे शब्द

नोकरीत काय केलं असं कोणी विचारलं, तर मी "रसायनशास्त्र शिकवलं" असं सांगते. ते खरंच आहे. पण धुळ्याच्या बाजारात भाजी घेताना जे माजी विद्यार्थी मला ओळखतात, त्यांना माझी आठवण रसायनशास्त्रामुळे येत नाही. "मॅडम, तुम्ही माझा सारांश सारखा सारखा परत पाठवत होत्या," असं ते म्हणतात आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोला सांगतात, "याच त्या."

मी तीच. आमच्या कॉलेजच्या ऑनलाइन विज्ञान परिसंवादासाठी सारांश गोळा करणारी, तपासणारी आणि परत पाठवणारी बाई. नोकरीची शेवटची काही वर्षं हे काम माझ्या गळ्यात होतं, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला ते शिकवण्यापेक्षा जास्त आवडलं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. परिसंवादात आपलं संशोधन मांडायचं असेल तर आधी त्याचा सारांश पाठवावा लागतो. काय शोधायला निघालो, कसं शोधलं, काय सापडलं, एवढंच अडीचशे शब्दांत. मी मुलांना म्हणायची, शेजारणीला लग्नाची हकीकत सांगतो तसं लिहा. ती गॅसवर दूध ठेवून आलेली असते. मुलगी कोणाची, मुलगा काय करतो, जेवण कसं होतं आणि भांडण झालं का, एवढंच तिला हवं असतं. तुम्ही मंडपाच्या झालरीपासून सुरुवात केलीत, तर तिचं दूध उतू जातं.

मुलांना हे पटायचं. पण पाठवताना ती झालरीपासूनच सुरुवात करायची.

हे सगळं सुरू झालं ते साथीच्या काळात. कॉलेज बंद, मुलं आपापल्या गावी, आणि प्राचार्यांना भीती की वर्षभर काहीच केलं नाही असं दिसेल. म्हणून त्यांनी 'आभासी विज्ञान परिसंवाद' जाहीर केला. धुळे आणि जळगाव दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी भाग घ्यायचा. उद्घाटनाला आमच्या संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे आबासाहेब. त्यांना सगळे आबाच म्हणत. बैठकीत त्यांनी पत्रिका वाचली आणि विचारलं, "आभासी म्हंजे काय? खोटं खोटं शे का?"

"नाही आबा, खरंच आहे," प्राचार्य म्हणाले. "फक्त कोणी येणार नाही."

"मंग नास्ता?"

"नाश्ता ज्याचा त्यानं घरी करायचा."

आबांनी परवानगी दिली, पण तोंड कडू केलं.

आणि सारांश यायला लागले. वहीत लिहून फोटो काढून पाठवलेले, आणि त्यात निष्कर्षावर अंगठा आलेला. एकाच्या शेवटी 'सविस्तर माहितीसाठी संपर्क साधावा' म्हणून मामाचा फोन नंबर. भडगावच्या एका मुलानं वांगी भाजल्यावर त्यातल्या घटकांचं काय होतं यावर लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं, पण शेवटचं वाक्य होतं, 'भरताची चव उत्तम आढळली.' मी विचारलं, कोणाला? तर उत्तर आलं, 'आमच्या घरच्यांना.' संशोधनात ज्याला पुरावा म्हणतात तो त्याच्याकडे होता, नाही कसं म्हणणार? पण वाक्य काढायला लावलं. त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

विद्यार्थी परवडले. प्राध्यापकांचं काय सांगू? एका ज्येष्ठ सरांनी अख्खा प्रबंध पाठवला. मी नम्रपणे कळवलं की अडीचशे शब्दांत हवं. त्यांनी प्रबंधाचे पहिले अडीचशे शब्द कापून पाठवले. ते 'या प्रयोगाचा मुख्य उद्देश असा की' इथे संपत होते. दुसऱ्या एकांनी उत्तर दिलं, "मॅडम, माझ्या लेखनात एकही शब्द अनावश्यक नसतो," आणि अक्षरांचा आकार बारीक करून तोच मजकूर परत पाठवला. तिसरे संगणकाचे जाणकार. त्यांनी शब्दांमधल्या मोकळ्या जागाच काढून टाकल्या. संगणकाच्या हिशेबाने तो मजकूर जेमतेम डझनभर शब्दांचा होता. वाचताना मला धाप लागली.

या सगळ्या गोंधळात प्रज्ञाचा सारांश आला.

प्रज्ञा आमच्याच कॉलेजची, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. राहणारी धरणगावची. आई अंगणवाडी सेविका, मामाची गावाजवळ थोडी शेती. वर्गात फारसं बोलायची नाही, पण फळ्यावर मी काही चुकले तर तिची पेन्सिल थांबायची आणि मला कळायचं. कॉलेज बंद पडल्यावर तिनं मामाच्या शेतात एक प्रयोग केला होता. कपाशीच्या एका ओळीला एक टॉनिक, पुढच्या ओळीला नुसतं पाणी, असं एकाआड एक. मग उंची, पानं, बोंडं, सगळं मोजलं. आणि शेवटचं वाक्य लिहिलं होतं, 'दोन्ही ओळींमध्ये कोणताही फरक आढळला नाही.'

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत आमच्याकडे 'काही आढळलं नाही' असं लिहिणारं कोणी भेटलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांना सगळं आढळतं. आपण प्रयोगवहीत मुलांना बरोबर उत्तरच लिहायला शिकवतो, मग मुलं उत्तर आधी लिहितात आणि प्रयोग सवडीनं करतात. मला इतका आनंद झाला की शीर्षक मी नंतर वाचलं.

शीर्षक होतं, 'आबामृत या टॉनिकचा कपाशीच्या वाढीवर होणारा परिणाम'.

आता आबामृताबद्दल सांगायला हवं. ते आमच्या आबांनी स्वतः शोधलं होतं. त्यात गूळ, ताक, लिंबाचा पाला आणि एक गुप्त वस्तू असायची. मळ्यातल्या शेडमध्ये पिंपांत ते मुरायचं, गावोगावच्या शेतकऱ्यांना फुकट वाटलं जायचं आणि दर दिवाळीला प्रत्येक प्राध्यापकाच्या घरी त्याचा एक कॅन यायचा. त्या वासापुढे मिठाईचा वास टिकायचा नाही. आम्ही सगळे ते कुठे ओततो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण आबा भेटले की जो तो म्हणायचा, "आबा, काय फरक पडला! गुलाब बघा एकदा येऊन." आबा कधी येत नसत म्हणून बरं. प्राचार्यांनी तर आपल्या चिकूला आबामृतामुळे दुप्पट फळ आल्याचं जाहीर भाषणात सांगितलं होतं. त्यांच्याकडे चिकूचं झाड नव्हतं.

आणि आता आबा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आबामृताचा कारखाना काढायला निघाले होते. जागेसाठी अर्ज गेला होता.

सारांशांची यादी प्राचार्यांकडेही जायची. शीर्षक वाचताच त्यांनी मला फोन केला. "मॅडम, तो सारांश नाकारा. शब्दमर्यादेचं कारण द्या."

"सर, तो मर्यादेच्या आत आहे. पुष्कळ आत आहे."

"मग फारच कमी शब्द आहेत म्हणून नाकारा."

"सर!"

"बरं, नाकारू नका. फक्त शेवटचं वाक्य बदला. 'फरक आढळला नाही' ऐवजी 'फरक आढळण्याची दाट शक्यता आहे' असं करा. विज्ञानात शक्यता असतेच की."

मी म्हटलं विचार करते. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. माझी निवृत्ती जवळ आली होती, पेन्शनची कागदपत्रं संस्थेकडूनच पुढे जाणार होती. आणि माझ्यापेक्षा त्या मुलीची काळजी होती. तिला एम. एस्सी.ला जायचं होतं. अध्यक्षांची खप्पा मर्जी झालेली मुलगी म्हणून तिचं नाव कॉलेजात फिरायला नको होतं. म्हणून मी मधला मार्ग काढला आणि तिला फोन केला.

"प्रज्ञा, टॉनिकचं नाव काढून टाकू या का? 'एक स्थानिक टॉनिक' म्हणू. अर्थ तोच राहतो."

ती म्हणाली, "मॅडम, बाटलीला लेबल नसेल तर ती प्रयोगशाळेत ठेवायची नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"सांगते खरी."

"आणि मामानं ते टॉनिक वापरायचं की नाही, हे त्याला कसं कळणार? स्थानिक तर सगळंच असतं."

मी म्हटलं, "घरी विचारलंस का?"

"आईला विचारलं. आई म्हणाली, मोजलंयस ना नीट? मग लिही. पण मोजण्यात चूक निघाली तर मला तोंड दाखवू नकोस."

सारांश मी होता तसा स्वीकारला. प्राचार्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी एक योजना घेऊन आले. परिसंवाद एकाच वेळी तीन वेगवेगळ्या 'खोल्यांत' चालणार होता. म्हणजे संगणकावरच्या खोल्या, ज्यानं त्यानं आपल्या विषयाच्या खोलीत जायचं. प्रज्ञाला शेतीच्या खोलीत ठेवायचं आणि आबांना उद्घाटनानंतर भौतिकशास्त्राच्या खोलीत पाठवायचं. "तिथे त्यांना काही कळणार नाही, ते झोपतील," प्राचार्य म्हणाले. ही योजना अगदी बिनतोड होती, फक्त आबांना कोणी ती सांगितली नव्हती.

परिसंवादाच्या दिवशी मी आणि संगणक विभागाचे चौधरी सर कॉलेजच्या लॅबमध्ये बसलो होतो. खोल्यांचा सगळा कारभार चौधरी सरांकडे. प्राचार्य घरून. आबा मळ्यातून. आबांचा मोबाईल टेबलावर आडवा ठेवलेला असावा, कारण आम्हाला दिसत होता तो फिरणारा पंखा आणि अधूनमधून आबांच्या कपाळाचा वरचा भाग. त्या कपाळानं उद्घाटन केलं. मग प्राचार्य म्हणाले, "आता आबा भौतिकशास्त्राच्या दालनात जातील."

"मी कसाले तथं जाऊ?" आबा म्हणाले. "मी शेतकरी माणूस. माले शेतीन्या खोलीमा टाका."

चौधरी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अध्यक्षांची आज्ञा. त्यांनी आबांना शेतीच्या खोलीत टाकलं.

प्रज्ञा धरणगावच्या घराच्या गच्चीवर बसली होती, कारण घरात नेटवर्क येत नव्हतं. मोबाईलवर ऊन पडू नये म्हणून तिनं ओढणीचा आडोसा केला होता. मागे कोणाच्या तरी कुरडया वाळत होत्या आणि एक कावळा त्यांच्यावर नजर ठेवून होता. तिनं बोलायला सुरुवात केली. आवाज थोडा कापत होता, पण वाक्यं सरळ होती. आबा खोलीत पोचले तेव्हा तिचं शीर्षक वाचून झालं होतं आणि पडद्यावर कपाशीचा फोटो आला होता. शेजारीशेजारी दोन ओळी, वर मोठ्या अक्षरांत 'आबामृत'. कोणती ओळ कशाची ते खाली लिहिलेलं होतं, पण मोबाईलवर बघणाऱ्याला तो खालचा भाग दिसायचा नाही.

तेवढ्यात पंखा बाजूला सरकला आणि आबांचा अख्खा चेहरा पडद्यावर आला. चेहरा आनंदानं फुलला होता.

"थांब पोरी, थांब!" आबा म्हणाले. "हाई उजवीकडली ओळ बघा सगळ्यांनी! काय बोंडं धरली आहेत! अरे, हे पाहिजे! मी पैजेवर सांगतो, हे माझं आबामृत आहे. डावीकडची बघा, कशी मान टाकून उभी आहे बिचारी."

प्रज्ञा गोंधळली. मग अगदी हळू म्हणाली, "आबा, उजवीकडच्या ओळीला पाणी घातलंय. आबामृत डावीकडे आहे. पण डावीकडची मान टाकून नाहीये. दोन्ही सारख्याच आहेत. मी मोजल्यात."

त्या खोलीत बरीच माणसं होती, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि त्या शांततेत, आबांच्या मागून, स्वयंपाकघराच्या दिशेनं, त्यांच्या पत्नीचा म्हणजे अक्कांचा आवाज आला.

"मी तुमले पहिलेच सांगेल व्हतं! त्यामा काय शे? गूळ नि पानी! पन मन्हं ऐकस कोन?"

"माइक बंद करा!" प्राचार्य ओरडले. ते ओरडणंही सगळ्यांना ऐकू गेलं. चौधरी सर घामाघूम होऊन यादीत आबांचं नाव शोधायला लागले. नाव सापडेना. आबा ज्या मोबाईलवरून आले होते त्याच्यावर नाव होतं 'अक्का नवीन'. ते चौधरी सरांच्या ध्यानात येईपर्यंत अक्कांनी आणखी बरंच सांगून टाकलं. गुप्त वस्तू म्हणजे मळ्याच्या विहिरीचं पाणी, पिंपं धुऊन धुऊन हात सोलले, आणि दिवाळीला लोकांना चकल्या द्यायच्या सोडून हे काय देतात. दोन्ही जिल्ह्यांतल्या विज्ञान शाखेनं हे शांतपणे ऐकून घेतलं. मग आबांचा चौकोन पडद्यावरून दिसेनासा झाला. आबा निघून गेले होते.

प्रज्ञानं विचारलं, "मॅडम, पुढे बोलू का?"

"बोल," मी म्हटलं. माझा आवाज तिच्याहून जास्त कापत होता.

बाहेरगावच्या परीक्षकांनी तिला पहिला क्रमांक दिला. प्राचार्यांनी तो जाहीर केला तो एखाद्या दुःखद बातमीसारखा.

चार-पाच दिवस काहीच घडलं नाही. मग आबांचा फोन आला. "त्या पोरीला घेऊन मळ्यात या." एवढंच. आम्ही गेलो. मी, प्रज्ञा आणि प्रज्ञाची आई. आई वाटेत मला म्हणाली, "मॅडम, ते ओरडले तर मी मध्ये बोलले तर चालेल ना?" मी म्हटलं, "तुम्हीच बोला, मला तर काही सुचणार नाही."

आबा ओट्यावर बसले होते. मला वाटलं होतं तसे चिडलेले नव्हते, पण उतरलेले होते. अक्कांनी चहा आणला आणि त्या तिथेच बसल्या.

"झाडं कोणी मोजली?" आबांनी विचारलं.

"मी आणि मामानं."

"मामा माझ्या विरोधातला आहे का?"

"मामाला राजकारण कळत नाही, आबा."

"माती वाईट असेल त्याची."

"असेल," प्रज्ञा म्हणाली. "म्हणूनच दुसऱ्या मातीत करून बघायला पाहिजे. तुमच्याच मळ्यात करू या."

आबांनी मान वर केली. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी 'हो आबा' आणि 'नाही आबा' याच्यामधलं काहीतरी उत्तर दिलं होतं. मग प्रज्ञानं त्यांना समजावलं की कोणत्या कॅनमध्ये काय आहे हे फवारणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला माहीत असता कामा नये. ते माहीत असलं की डोळे फसवतात. वासावरून ओळखू येऊ नये म्हणून फवारताना आणि मोजताना नाकाला कापराचा रुमाल बांधायचा. एकाच माणसानं कॅन भरायचे, रंगीत दोरे बांधायचे आणि शेवटपर्यंत तोंड बंद ठेवायचं. तो माणूस कोण, तर सर्वानुमते अक्का.

"हिच्यावर भरवसा कसा ठेवू?" आबा म्हणाले. "ही तर आधीच माझ्या विरोधात आहे."

"तोंड बंद ठेवणं आयुष्यभर केलं," अक्का म्हणाल्या. "एक हंगाम आणखी."

आबा हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

पावसाळ्यात पेरणी झाली. लाल दोऱ्याच्या ओळी, निळ्या दोऱ्याच्या ओळी. आबा रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहत आणि मला फोनवर सांगत, "मॅडम, लाल जोरात आहे. लालच आबामृत." पुढच्या आठवड्यात, "निळ्यानं उचल खाल्ली. मी आधीच म्हणत होतो, निळा." अक्कांना त्यांनी नाना तऱ्हांनी बोलतं करायचा प्रयत्न केला. लुगडं आणलं. अक्कांनी लुगडं ठेवून घेतलं आणि तोंड उघडलं नाही. प्रज्ञा मोजायला यायची तेव्हा आबा तिच्या मागून वहीत डोकवायचे. ती वही मिटायची. अध्यक्षांसमोर वही मिटणारं कॉलेजात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

वेचणीच्या आधी प्रज्ञानं सगळे आकडे मांडले. लाल आणि निळा यांत फरक नव्हता. त्यामुळे कोणता रंग कशाचा, हे अक्कांनी सांगायच्या आतच उत्तर आलं होतं. तरी अक्कांनी सांगितलं. आबांनी ऐकलं आणि जवळच्या झाडाचं एक बोंड हातात धरलं.

"पहिल्यांदा केलं त्या साली कपाशी अशी आली होती की बघत राहावं," ते म्हणाले.

"त्या साली पाऊसच तसा होता," अक्का म्हणाल्या, पण हळू, टोमणा न मारता.

"मंग ते बठ्ठा लोक? प्राचार्यांचा चिकू? मॅडम, बठ्ठा लोक खोटं बोलनात का?"

बठ्ठा लोक म्हणजे सगळे लोक, आणि त्या सगळ्यांत मीही होते. एका माणसाला एवढी वर्षं कोणी खरं सांगितलं नाही, आणि सांगायला शेवटी कोण उभं राहिलं, तर ज्या मुलीचं सगळं पुढचं शिक्षण त्याच्या मर्जीवर अडलं असतं ती. आमच्यासारख्या पगारी विज्ञानवाल्यांना हे कधी सुचलंच नाही. अक्का मात्र घरात पहिल्यापासून सांगत होत्या, पण घरच्या बाईचं मत म्हणजे पुरावा नव्हे, असं आपल्याकडे मानतात.

नरडाण्याचा अर्ज आबांनी मागे घेतला. त्याबद्दल ते कोणाशी बोलले नाहीत.

पुढच्या परिसंवादाला सारांश मागवले, तेव्हा एक दिवस आबांचा फोन आला. त्यांना सारांश पाठवायचा होता. स्वतःच्या नावानं. मी अडीचशे शब्दांचं सांगितलं. त्यांनी पाठवला तो स्वातंत्र्यपूर्व काळातल्या खानदेशी कपाशीपासून सुरू होत होता. मी परत पाठवला. त्यांनी पुन्हा पाठवला. मी पुन्हा परत पाठवला. संस्थेच्या अध्यक्षांचा सारांश सारखा सारखा परत पाठवणारी मी त्या कॉलेजातली पहिलीच असेन, आणि पेन्शनची कागदपत्रं अजून त्यांच्याच टेबलावर होती. शेवटी प्रज्ञानं बसून तो त्यांच्याकडून लिहून घेतला. लेखकांच्या नावांवरून थोडी ओढाताण झाली. आबांचं म्हणणं होतं, शेत माझं, टॉनिक माझं, म्हणून पहिलं नाव माझं. प्रज्ञाचं नाव पहिलं आलं. आबा दुसरे. तिसऱ्या अक्का.

त्या वर्षी आबांनी मोबाईल उभा धरला होता. आपल्या टॉनिकनं काही झालं नाही, हे त्यांनी दोन्ही जिल्ह्यांतल्या विज्ञानवाल्यांसमोर स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्यही त्यांनी गाळलं नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणीच काही विचारेना. अध्यक्षांना काय विचारणार? मग पलीकडच्या एका कॉलेजातल्या, त्यांना न ओळखणाऱ्या कोणा मुलानं विचारलं, "सर, या प्रयोगातून तुम्हाला नेमकं काय मिळालं?"

पडद्यावरच्या दुसऱ्या चौकोनात प्रज्ञा बसली होती, तिच्याकडे आबा बोट दाखवायला गेले आणि बोट भलत्याच चौकोनाकडे गेलं.

"काय सांगू?" आबा म्हणाले. "ह्या पोरनी कपाशीले पानी पाजं... नि मालेबी पाजं."